पेलेट स्टोव्ह पेटतो, पण थोड्या वेळाने इंधन पडायचे थांबते

प्रश्न
आमचा पेलेट स्टोव्ह (दाबलेल्या लाकडी भुशाच्या छोट्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी शेगडी) नीट पेटतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी जळणाच्या भांड्यात पेलेट पडेनासे होतात आणि आग विझते. हॉपर (पेलेट साठवण्याची टाकी) निम्मा भरलेला असून धूर बाहेर टाकणारा पंखा फिरतो आहे. मात्र ऑगरच्या (पेलेट भांड्याकडे ढकलणाऱ्या मळसूत्री दांड्याच्या) मोटरची घरघर त्या वेळी ऐकू येत नाही. अलीकडे काच लवकर काळवंडते. नवी मोटर मागवावी का?

उत्तर १
मोटर मागवण्याची घाई करू नका. हॉपरमध्ये पेलेट एकमेकांत अडकून त्यांची कमान धरली असती किंवा साचलेल्या भुशाने ऑगर अडकला असता, तर मोटर फिरण्याचा किंवा गुणगुणण्याचा आवाज आला असता. आवाजच नाही, याचा अर्थ मोटर जळाली आहे किंवा एखाद्या सुरक्षा स्विचने तिची वीज तोडली आहे. आणि आधी काही वेळ ती चालते, त्यामुळे मला दुसरी शक्यता अधिक वाटते. काळी काच हवा कमी पडत असल्याचे सांगते. धुराच्या वाटेत राख साचली की पंखा फिरत असूनही हवेचा पुरेसा ओढा निर्माण होत नाही, आणि तो ओढा ओळखणारा व्हॅक्यूम स्विच ऑगर थांबवतो. त्या स्विचची बारीक रबरी नळी तपासा: ती चिरलेली नसावी व तिच्या टोकाशी राखेची गुठळी नसावी. फुंकर मारण्यापूर्वी नळी स्विचपासून सोडवा, अन्यथा आतला नाजूक पडदा फाटतो. दाराच्या गॅस्केटमध्ये (कडेच्या हवाबंद पट्टीत) कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज निघून आली, तर तेथून हवा शिरते आहे.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त वेळेकडेही लक्ष द्यावे. अनेक स्टोव्हमध्ये पेटवण्याचा ठरलेला अवधी संपेपर्यंत धूर पुरेसा तापला नाही, तर आग लागलीच नाही असे समजून नियंत्रक इंधन बंद करतो. त्यामुळे भांड्याची भोके राखेच्या कडक खड्यांनी बुजली आहेत का, हेही पाहावे. अतितापाचा स्विच (स्टोव्ह फार तापल्यास इंधन थांबवणारा) उडाला असल्यास त्याचे बटण दाबून तो पूर्ववत होतो. पण तो पुन्हा उडाल्यास खोलीत गरम हवा सोडणारा पंखा तपासावा. कोणताही सुरक्षा स्विच तार जोडून कायमचा वगळू नये, कारण धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो.

प्रश्नकर्ता
प्लग काढून, स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर मागचे झाकण उघडले. नळी स्वच्छ होती, परंतु भट्टीच्या मागच्या पत्र्यांआड आणि पंख्याच्या पात्यांवर राखेचा बोटभर थर होता. तो ब्रशने काढला, भांड्याची भोके खिळ्याने मोकळी केली. काल संध्याकाळी स्टोव्ह चार तास अखंड चालला, काचही स्वच्छ राहिली. मोटर जुनीच आहे.