दुकानदार, बँक, ओळखीच्या बायका... सगळीकडून नकार. पुन्हा कुणाकडे जायला मन कसं तयार करायचं?

भाजणीवाली_वर्तकनगर
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट घरी करून विकते. सोसायटीत आणि नात्यागोत्यात माल हातोहात जातो, म्हणून दुकानांत ठेवायचं मनावर घेतलं. गोखले रोड, राम मारुती रोड, घोडबंदरची बाजू, सगळीकडे पाकिटं घेऊन फिरले. बहुतेक जण पाकीट हातातसुद्धा घेत नाहीत. एकाने तर गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सुनावलं, "असल्या बायका रोज येतात हो." बँकेत पॅकिंग मशीनसाठी कर्ज मागितलं, तर "होणार नाही" एवढंच उत्तर. त्यात मुलाच्या वर्गातल्या आयांनी सहल ठरवली आणि मला तेवढं विचारलं नाही. आता फोन उचलून कुणाला विचारायचं म्हटलं तरी छाती धडधडते. जांभळी नाक्यावर डाळी आणायला गेले आणि नकार दिलेलं दुकान दिसलं, की मी रस्ता बदलते. "मनावर घेऊ नकोस" हे ऐकून कान किटलेत. दुसरं काही सांगाल का?

खरेदीवाला_कोपरखैरणे
ताई, महाप्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात माझी नोकरी झाली. म्हणजे नकार देणं हेच माझं रोजचं काम. टेबलापलीकडे काय चालतं ते सांगतो.

सकाळी लाइन बंद पडलेली, गेटवर ट्रक अडकलेला, साहेबांचा फोन चालू, आणि समोर नवा पुरवठादार नमुना काढतोय. त्याचा माल बघायच्या आधीच "आता नको" तोंडून जायचं. वर्षाचा दरकरार आधीच झालेला असायचा आणि मंजूर यादीबाहेरच्याला ऑर्डर द्यायची मला मुभाच नसायची. तो माणूस स्टेशनपर्यंत माझे शब्द मनात घोळवत जात असणार. मला मात्र संध्याकाळी त्याचं नावही आठवत नसे. तुमचं पाकीट ज्यांनी हातात घेतलं नाही, त्यांनी तुमच्या भाजणीला नाव ठेवलेलं नाही. त्यांनी ती चाखलीच कुठे?

रबाळ्याचा एक पुठ्ठ्याच्या खोक्यांवाला होता. मी नाही म्हटलं की तो एवढंच विचारी, "साहेब, करार कधी संपतो?" वहीत लिही, नमस्कार करी आणि निघे. फेब्रुवारीअखेर पुन्हा दारात हजर. जुन्याने भाव वाढवला तेव्हा ऑर्डर त्यालाच गेली.

किराणावाल्याची फळी भरलेली असते. तुमचं पाकीट ठेवायचं तर दुसऱ्याचं काढावं लागतं. न खपलेलं कोण परत नेणार, पैसे कधी द्यायचे, लेबलवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक, बॅच आणि तारीख आहे का, या सगळ्याची त्याला धास्ती असते. तो ते बोलून दाखवत नाही, तुम्हीच आधी बोला. "चार पाकिटं ठेवा, खपली तर पैसे द्या, नाहीतर मी उचलते." आणि संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका.

ज्याने चारचौघांत पाणउतारा केला, त्याच्या दुकानाची पायरी मात्र पुन्हा चढू नका. माल नको म्हणायचा त्याला हक्क आहे, अपमान करायचा नाही. त्याच्यासाठी रस्ता तर मुळीच बदलू नका.

पासबुक_नौपाडा
बँकेपुरतं बोलतो. कर्जाची रक्कम कितीही असो, अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखा व्यवस्थापकांच्या नावे पत्र द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी बघा. कधी कधी फेडून टाकलेलं जुनं कर्ज तिथे बाकीच दिसत असतं.

ऐरोलीची_आई
सगळे दुकानाचं बोलताहेत, मला सहलीचं जास्त लागलं. धंद्यातला नकार मालाला असतो म्हणता येतं, इथे तसं म्हणून मनाची समजूत पटत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळात माणसाला मुद्दाम वगळलं, तेव्हा शरीराच्या वेदनेशी जोडलेला मेंदूचा भाग जागा झालेला दिसला. म्हणजे तुम्हाला लागलंय ते खरंच लागलंय. त्यातल्या जिच्याशी बरं जमतं तिला एकटीला सरळ विचारा, "मला का नाही सांगितलंत?" उत्तर काहीही येवो, रात्रभर तर्क करत जागण्यापेक्षा ते बरं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

भाजणीवाली_वर्तकनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. बँकेचं पत्र आजच लिहिते. काका, एक शंका. पाकिटं परत उचलायची म्हटलं तर जुना माल माझ्याच गळ्यात नाही का पडणार?

खरेदीवाला_कोपरखैरणे
पडेल, म्हणून सुरुवात थोड्या दुकानांपासून करा आणि तीही घराजवळच्या. दर आठवड्याला फेरी मारा. तारीख जवळ यायच्या बऱ्याच आधी पाकीट उचला आणि सोसायटीत थोडं कमी भावात काढा. कुठे किती ठेवलं, किती खपलं, ते वहीत लिहा आणि दुकानदाराची सही घ्या.