गळ टाकायला शिकणाऱ्यांसाठी: जुन्याजाणत्यांनो, अनुभव लिहा

पाऊस ओसरला की बरीच नवी मंडळी गळ घेऊन पाण्याकाठी बसतील. रॉड आणि रीळ कुठलं घ्यावं हे दुकानदार सांगतोच. काठावर बसूनच जे कळतं, ते इथे लिहा.

खाडीकाठचा, देवगड
आधी पंचांग बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. आमच्याकडे मोबाईल आले तरी हाच हिशोब तोंडावर असतो. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं, पाणी संथ असतं, शिकायला तेच बरं.

तांबोशी हा मासा तिवरांच्या मुळांत नाहीतर जुन्या धक्क्याच्या दगडांत दबा धरून बसते. तिला जिवंत कोळंबी लावा. कोळंबीच्या डोक्यात एक काळा ठिपका आरपार दिसतो, त्याला गरी (गळाचा आकडा) लागली की कोळंबी मेलीच. ठिपका चुकवून, पुढच्या करवतीसारख्या काट्याच्या बुडाशी गरी आडवी घाला, मग ती बराच वेळ पोहत राहते. तांबोशी लागली की पहिला जोर मुळांकडे मारते. त्या क्षणी दोरी ढिली सोडलीत तर मासाही गेला आणि गरीही.

रेवदंड्याहून
शिंगाळा मासा गळाला लागला तर आनंदाच्या भरात मुठीत धरू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो. पक्कडीनेच सोडवा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ उतरते. काटा आत मोडला किंवा सूज चढली तर मात्र डॉक्टरच.

तळ्यावरचा, भंडारा
तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असतो. आधी त्यांची परवानगी घ्या, ती त्यांची रोजीरोटी आहे.

मरळ माशासाठी गळाचा रबरी बेडूक शिंगाड्याच्या पानांवरून हळूहळू ओढायचा. मरळीने झडप घालून पाणी फुटलं की नवशिके लगेच झटका मारतात आणि बेडूक तिच्या तोंडातून निसटतो. दोरी ताणली जाईपर्यंत थांबा, मग ओढा.

आणि एक कळकळीचं सांगतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा हलताना दिसला, की खाली आईबाप राखणीला असतात. ते बेडकावर हमखास झडप घालतात, म्हणूनच तिथे गळ टाकायचा नाही. आईबाप गेले की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. अशी मरळ मारणं मला तरी मान्य नाही.

लीड्स, इंग्लंड
इथे नदी-तळ्यात गळ टाकायला 13 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, आणि 15 मार्च ते 15 जून नद्यांवर बहुतेक माशांना बंदी असते. मासा परत सोडणार असाल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे रोगाला बळी पडतो. हे गावाकडेही करा.

हर्णैहून
कातळावर बसण्याआधी थोडा वेळ नुसत्या लाटा बघा. जिथवर खडक ओला आहे तिथवर लाट येऊन गेलेली असते, त्याच्या मागेच बसा. समुद्राकडे पाठ करून गरी बांधू नका. तुटलेला तंगूस (नायलॉनची दोरी) गोळा करून घरी न्या, बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.