अमेरिकन रेडिओवर शहर बदलले तरी तीच गाणी का?

प्रश्न : अमेरिकेत गाडीने लांबचा प्रवास करताना राज्य बदलले तरी रेडिओवर तीच मोजकी गाणी आणि निवेदकांचा तोच साचेबंद उत्साह ऐकू येतो. हा श्रोत्यांच्या आवडीचा परिणाम मानावा की मालकीचा?

प्रतिसाद १ : मुळाशी १९९६ चा दूरसंचार कायदा आहे. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा त्याने उठवली आणि मोठ्या शहरांत एकाच मालकाला आठपर्यंत केंद्रांची मुभा दिली. क्लिअर चॅनेल या रेडिओ कंपनीकडे (आजची आयहार्टमीडिया) काही वर्षांतच बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. मग खर्चकपात ओघानेच आली : दूरच्या शहरातला निवेदक दोन गाण्यांमधली वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि कधीही न पाहिलेल्या गावाचे नाव अगदी आपुलकीने घेतो.

प्रतिसाद २ : सहमत, पण सगळे खापर कायद्यावर फोडू नये. श्रोत्यांना दूरध्वनीवर गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून कौल घेण्याची पद्धत जुनीच असून, तिच्यात कानावरचे गाणे जिंकते आणि नवखे मागे पडते. शिवाय केंद्रांना पैसे व भेटवस्तू देऊन गाणी वाजवून घेण्याच्या आरोपांवरून २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीने न्यूयॉर्क राज्याशी एक कोटी डॉलरची तडजोड केली, हेही विसरता येत नाही.

प्रतिसाद ३ : वेगळे काही ऐकायचे असल्यास महाविद्यालयांची आणि शंभर वॅटची सामुदायिक केंद्रे शोधावीत, मात्र काही मैल पुढे गेलात की ती ऐकू येत नाहीत.