दहा वर्षं पीएचपी केलंय, आता सगळे म्हणतात "स्टॅक जुना आहे", काय करू?

वारजे_ते_वाकड:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

2015 ला इंजिनिअरिंग झालं, कॅम्पसला काही लागलं नाही, मग कर्वे रोडला एका छोट्या कंपनीत चिकटलो. आठ माणसं, तिसरा मजला, खाली झेरॉक्सवाला. तिथेच आहे अजून. पीएचपी 5 पासून सुरुवात (वेबसाइटचा सर्व्हरवरचा कोड लिहायची भाषा), ब्राउझरसाठी जेक्वेरी, डेटाबेसला मायएसक्यूएल, पुढे पीएचपीचंच फ्रेमवर्क लॅराव्हेल, हाच माझा स्टॅक. क्लायंट म्हणजे पतसंस्था, क्लासेस, टूरवाले, एक चकली-लाडू ऑनलाइन विकणाऱ्या काकू. सर्व्हर बंद पडला की फोन मलाच, दिवाळीच्या आदल्या रात्री पण.

आता घराचा हप्ता सुरू झालाय म्हणून बाहेर बघतोय तर हिंजवडी फेज 2 ला एक आणि खराडीला दोन इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडे तेच, रिअ‍ॅक्टमध्ये (स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) किती वर्षं, नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) किती वर्षं, मायक्रोसर्व्हिसेस (एक सिस्टीम छोट्या सुट्या सेवांत तोडून) केल्यात का. एकाने इव्हेंट लूप (नोड बरीच कामं एकाच वेळी कशी हाताळतं ते) विचारला, कोर्समध्ये बघितलेला होता पण तोंडातून शब्द फुटेना. एचआर बाईंना माझ्यातलं एकच आवडलं, नोटीस पीरियड फक्त एक महिना आहे ते.

सगळं सोडून सहा महिने रिअ‍ॅक्ट-नोडच्या क्लासला बसू का? फी बरीच आहे. बायको म्हणते आधी नोकरी सोडू नको, बाकी काय ते कर.

सदाशिवपेठी:
वहिनी बरोबर आहेत. रेझ्युमे टाका, नाव-नंबर काढून.

वारजे_ते_वाकड:
स्किल्समध्ये असं आहे: पीएचपी, मायएसक्यूएल, जेक्वेरी, एचटीएमएल 5, सीएसएस 3, लॅराव्हेल, गिट, एमएस ऑफिस. खाली प्रोजेक्ट: "सहकारी पतसंस्थेची वेबसाइट व सभासद पोर्टल, टीम साइज 2."

सदाशिवपेठी:
एमएस ऑफिस! टायपिंग स्पीड राहिला की. आणि ती "टीम साइज 2" म्हणजे तुम्ही आणि झेरॉक्सवाला का?

खराडीवाली:
पेठेतले टोमणे बाजूला ठेवा. मी इंटरव्ह्यू घेते, महिन्याला दहा-बारा तरी होतात, म्हणून विचारते. पीएचपी 7 मध्ये जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं काढूनच टाकली होती आणि पीएचपी 5.6 चे सिक्युरिटी पॅच 2018 च्या डिसेंबरात संपले. तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना? त्या जुन्या साइट कोणी हलवल्या? आणि काय काय मोडलं?

वारजे_ते_वाकड:
मीच हलवल्या ताई, चाळीसेक असतील. क्वेरी सगळ्या स्ट्रिंग जोडून लिहिलेल्या, नावात वरचा स्वल्पविराम आला की पान पांढरं. त्या पीडीओमध्ये (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची पद्धत) प्रिपेअर्ड स्टेटमेंट करून घेतल्या, म्हणजे क्वेरी वेगळी आणि नाव वेगळं जातं, ते काम नुसतं कंटाळवाणं होतं.

खरा घोळ पतसंस्थेत झाला. टेबल लॅटिन 1 मध्ये (युरोपीय लिपीचं एन्कोडिंग, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या बाइटमध्ये ते ठरवायची पद्धत) आणि त्यात मराठी नावं. जुना कोड बाइट जसेच्या तसे आत टाकायचा आणि तसेच बाहेर काढायचा, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळलं नाही. नवीन कनेक्शन यूटीएफ 8 ने (सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग) जोडलं आणि स्क्रीनवर सगळीकडे डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए. मॅनेजर साहेब म्हणाले व्हायरस आला.

ते कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट, अक्षरं नाहीत) करायचे, मग यूटीएफ 8 एमबी 4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ 8) चे टेक्स्ट करायचे, म्हणजे मायएसक्यूएल स्वतःचं डोकं न लावता बाइट तसेच ठेवतं. पण ते पण मधेच अडकायला लागलं. का तर कॉलम 50 बाइटचा, देवनागरीचा एकेक कोड पॉइंट (एक सुटं चिन्ह, उकार-वेलांटी पण वेगळी) तीन बाइटचा, म्हणजे सोळा बसतात आणि दोन बाइट उरतात, त्यात सतराव्याचं अर्धं धड. लांब नावं सगळी अशीच तुटलेली. ते शेपूट स्क्रिप्टने छाटलं, अर्धवट नावांची यादी काढली आणि शाखेतल्या बाईंनी रजिस्टरमधून बघून परत भरली. चार दिवस गेले, चहा मात्र त्यांनी भरपूर पाजला.

तेव्हाच कळलं की पावतीवर नाव कापायला साधं सबस्ट्र (स्ट्रिंगचा तुकडा कापायचं फंक्शन) वापरलेलं, ते बाइट मोजतं. "पुणे" त्याच्या हिशोबाने बारा. त्याचं एमबीवालं (बाइटऐवजी कोड पॉइंट मोजणारं) लावलं तर अक्षर फुटत नाही पण उकार-वेलांटी मागे राहू शकते, म्हणून शेवटी ग्राफीमवालं (उकार-वेलांटीसकट अख्खं अक्षर मोजणारं) लावलं.

खराडीवाली:
आणि हे रेझ्युमेत कुठाय? "वेबसाइट व सभासद पोर्टल" लिहिलंयत फक्त! अहो मी आठ वर्षं अनुभववाल्या माणसाला विचारते की यूटीएफ 8 म्हणजे काय तर तो म्हणतो एचटीएमएलमधला मेटा टॅग. चालू डेटा न गमावता हलवलात, तो पण पैशांचा व्यवहार असलेल्या ठिकाणी, हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे. काकूंच्या दिवाळीचं पण लिहा, काय झालं होतं तेव्हा?

वारजे_ते_वाकड:
सर्चमध्ये दोन्ही बाजूंना टक्केवालं लाइक (नावात कुठेही शब्द शोधायची क्वेरी) होतं, इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा) असून वापरला जात नव्हता, स्लो क्वेरी लॉगमध्ये सापडलं. फुलटेक्स्ट (शब्दांचा इंडेक्स) लावलं. आणि पेमेंट गेटवे एकच निरोप दोनदा पाठवायचा, तर काहींना चिवड्याची दोन-दोन पाकिटं गेली, ते ट्रान्झॅक्शन आयडीवर युनिक की (एक आयडी एकदाच घ्यायचा) टाकून थांबवलं. परत कोणी केलं नाही पाकीट, दिवाळीच ती.

जुना_अँग्युलरवाला:
ताईंचं पटतंय पण अर्धंच. त्यांच्यापर्यंत रेझ्युमे पोचायला तर हवा, आधी एचआरचं पोर्टल रिअ‍ॅक्ट शब्द शोधतं, नाही सापडला की कचऱ्यात. मी यातून गेलोय. अँग्युलरजेएस (स्क्रीन बनवायचंच जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) 2010 चं, मी 2014 ला शिकलो, 2016 ला त्यांनी अँग्युलर 2 काढलं ते पूर्ण वेगळंच, आणि 2021 संपताना जुन्याचा सपोर्टच बंद. तोवर मी "अँग्युलर एक्स्पर्ट" म्हणून मिरवत होतो.

क्लासला पैसे घालू नका. आहे त्या ऑफिसात एक अ‍ॅडमिन स्क्रीन रिअ‍ॅक्टमध्ये करा, मागे तुमचंच लॅराव्हेल एपीआय (स्क्रीनने डेटा मागायची सोय) देईल. छोटी कंपनी आहे, कोणाची परवानगी लागत नाही हा केवढा फायदा. लाइव्ह गेली की मग लिहा रिअ‍ॅक्ट. वर्षं खोटी लिहू नका, आणि खोटी कंपनी तर नाहीच, पीएफच्या यूएएनवर कुठे किती दिवस होतात ते सगळं दिसतं.

इव्हेंट लूपचं राहिलं. तुमच्या पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्टला एक प्रोसेस अडकते, ती डेटाबेसची वाट बघत बसते, काम झालं की मेमरी साफ. नोडमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारा थ्रेड (काम करणारा हात) एकच, तो वाट बघत बसत नाही, डेटाबेसला सांगून पुढच्याकडे वळतो. अमृततुल्यात बसा, चहा उकळतोय तोवर तोच माणूस सुट्टे देतो, बनमस्का देतो. पण त्याला कोणी महिन्याची उधारी जोडायला बसवलं की सगळी रांग थांबली. म्हणून नोडमध्ये मोठ्या एक्सेलची आकडेमोड तिथेच करायची नसते. एवढं बोललात तरी पुरे.

सदाशिवपेठी:
उधारी? कुठलं अमृततुल्य हे, पत्ता द्या.

वारजे_ते_वाकड:
तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी. रेझ्युमे बदलला, एमएस ऑफिस उडवलं, पतसंस्था वर घेतली. टूरवाल्यांची बुकिंग स्क्रीन रिअ‍ॅक्टमध्ये केली, यूज इफेक्टने (काही बदललं की परत चालणारा रिअॅक्टचा तुकडा) दोन रात्री छळलं, स्टेट (स्क्रीनने लक्षात ठेवलेला डेटा) बदलला की परत रिक्वेस्ट, परत स्टेट, गोल गोल. बाणेरच्या एका कंपनीत दोन राउंड झाले, दुसऱ्यात पाऊण तास फक्त त्या लॅटिन 1 वर बोललो. पगार सांगतायत तो अपेक्षेपेक्षा कमी आहे, विचार करतोय.

मंगल_कार्यालयवाला:
मधेच घुसतोय, ते ब्लॉबवालं आमच्याकडे चालेल का? आमच्या बुकिंगच्या टेबलमध्ये सगळ्या नवऱ्यामुलांच्या नावांची प्रश्नचिन्हं झालीयत.

वारजे_ते_वाकड:
टोप्यावाले ए दिसत असते तर आलं असतं परत. टेबलमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ बाइट गेले, बॅकअप शोधा. तो नसेल तर लग्नपत्रिका जपून ठेवल्यात का कोणी ते विचारा.