पावसाळ्यात मासेमारीची कयाक कशी ठेवावी?

प्रश्न (देवगड):
नमस्कार. माझ्याकडे पॉलिथिलीनची, १२ फुटी, वर बसून वल्हवायची कयाक आहे. गेल्या पावसाळ्यात ती मांगरात दोन वाशांवर उताणी ठेवली होती, तर तळाला दोन ठिकाणी पोचे आले. यंदा काय करावे?

उत्तर (मालवण):
अरुंद वाशांवर सगळा भार आला की उष्म्याने मऊ झालेले हे प्लास्टिक तिथेच दबते. कयाक कुशीवर उभी करा किंवा पालथी घाला; टांगायचीच असल्यास टोकांच्या कड्यांना न बांधता रुंद पट्ट्यांच्या झोळीत टांगा. पोचे कडक उन्हात बरेचदा आपोआप भरून येतात, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरका. मात्र माडाखाली ठेवू नका, हे अनुभवाने सांगतो.

उत्तर (वेंगुर्ले):
त्याआधी ती गोड्या पाण्याने नीट धुवा, विशेषतः गरीच्या काठीच्या खोबण्या आणि सुकाणूची तार, कारण माझी तार बाहेरून चकचकीत दिसत होती आणि हाताने वाकवताच आतल्या गंजामुळे तुटली. निचऱ्याचे बूच काढून ठेवा, झाकणे किलकिली ठेवा, अन्यथा आत बुरशी धरते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पण झाकणे उघडी ठेवल्यास उंदीर शिरणार नाहीत का?

उत्तर (वेंगुर्ले):
शिरतात. तोंडावर बारीक तारेची जाळी बांधा. मासेमारीचे जुने जाळे ते एका रात्रीत कुरतडतात.