न्यायालय पीडितांजवळ हवं

नेदरलँड्समधल्या हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय असताना युद्धगुन्ह्यांसाठी आणखी एक कशाला, असं काहीजण विचारतात. ते २००२ पासून आहे, पण त्याच्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत. सुदानचा तेव्हाचा अध्यक्ष बशीर याच्यावर २००९ मध्ये वॉरंट निघालं, तरी २०१५ मध्ये तो दिल्लीच्या परिषदेला येऊन गेला. (हे न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं, त्याचा भारत सदस्य नाही, हेही दुखतंच.)

मला जास्त सलतं ते अंतर. २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू होईपर्यंत आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हायकोर्टात अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, त्यात किती जणांनी नाद सोडला असेल! मग घरदार जळालेली बाई हेगपर्यंत कशी पोचणार? पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवीतल्या गुन्ह्यांसाठीचं विशेष न्यायालय त्या देशाच्या राजधानीत, फ्रीटाऊनमध्येच बसलं. शेजारच्या लायबेरियाचा माजी अध्यक्ष टेलर याचा खटला तेवढा हेगला हलवला. नवं न्यायालय काढायचंच तर तिथल्यासारखं, गुन्हा घडलेल्या देशात काढा.