दोघींचं घर, सातवा मजला: पाण्याचं मीटर घ्यावं का?

सातवा_मजला

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आमची २८ घरांची जुनी सोसायटी आहे. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मेंटेनन्समध्ये पाण्याचे महिना ६५० रुपये लागतात, सगळ्यांना सारखेच. घर एका बेडरूमचं असो की दोन, माणसं दोन असोत की सात. आता कमिटीने घरोघर मीटर बसवायचं ठरवलंय आणि रविवारच्या सभेआधी संमतीपत्र मागितलंय. आमच्याकडे पाण्याच्या दोन लाइन येतात, एक स्वयंपाकघराला आणि एक बाथरूम-संडासाला. म्हणजे मीटरही दोन. बसवून प्रत्येकी ३,२०० रुपये, शिवाय रीडिंग आणि बिलाचे महिना ३०.

कमिटीने दिलेला हिशेब असा: पाण्यावर महिना १८,२०० खर्च. त्यात पंपाचं वीजबिल, टाकी सफाई वगैरे ५,६००, उरलेले १२,६०० पालिकेचं बिल आणि टँकर मिळून. पाणी एकूण ७२० युनिट (एक युनिट म्हणजे हजार लिटर), म्हणजे घरटी जवळपास २६. मी आठ दिवस बादलीने मोजलं. आंघोळी, एक दिवसाआड मशीन, भांडी, फरशी, फ्लश किती वेळा, सगळं वहीत लिहिलं. आमचे रोजचे ३०० लिटर होतात, महिन्याला ९ युनिट.

सासूबाईंचं माहेर शहापूर तालुक्यातलं. भातसा धरण तिथे, तानसा धरण तिथे, आणि मे महिन्यात पाण्याचा टँकरही तिथल्याच पाड्यांवर. लहानपणी त्यांनी डोक्यावरून हंडे आणलेत. खाली कुणी पाइप सोडून गाडी धुताना दिसलं की त्या गॅलरीतून आत निघून येतात. त्यांना मीटर हवंय, पैसे वाचोत न वाचोत.

मला तीन गोष्टी अडतात. ६,४०० कधी वसूल होणार? टाकी आमच्या डोक्यावरच आहे, धार आधीच बारीक, ती आणखी कमी होईल का? आणि चौथ्या मजल्यावर सात माणसांचं घर आहे, आजोबा अंथरुणाला खिळलेले, चादरी रोज धुवाव्या लागतात. माझे पैसे वाचावेत म्हणून त्यांचं बिल वाढावं हे मनाला पटत नाही.

कोपरीकर_काका

ताई, नऊ वर्षं सेक्रेटरी होतो म्हणून सांगतो. मीटरच्या आधी एक गोष्ट बघा. २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, कलम ६७ आहे. त्यात सेवा शुल्क सगळ्यांना समान, पण पाण्याचे पैसे घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून लावायचे आहेत. तुमच्याकडे दोन लाइन आणि दोन बेडरूमवाल्यांकडे तीन असतील, तर सरसकट ६५० कशावरून? हे सभेत लेखी विचारा. मीटर नाही झालं तरी याने फरक पडेल.

आता हिशेब. ५,६०० हा स्थिर खर्च, तो समानच वाटला पाहिजे, घरटी २००. पंप तुमच्यासाठीही चालतोच. १२,६०० भागिले ७२० म्हणजे युनिटला साडेसतरा रुपये. घरांच्या मीटरची बेरीज मेन मीटरएवढी कधीच येत नाही. जिना धुणं, बाग, टाकीची गळती यात पाणी जातं. त्यासाठी १५ टक्के धरा, १०८ युनिट. ते समान वाटले की घरटी साडेसदुसष्ट. तुमचे ९ युनिट १५७ रुपये ५० पैसे. एकूण ४२५. वाचले २२५, त्यातून रीडिंगचे ३० गेले, राहिले १९५. ६,४०० फिटायला ३३ महिने. टँकरच्या महिन्यांत युनिट महाग पडतं, तेव्हा थोडं लवकर.

चौथ्या मजल्याचं सांगतो. माणशी रोजच्या १३५ लिटरने सात जणांचे महिन्याला २८ युनिट. त्यांचं बिल साधारण ७५७ येईल, रीडिंगचे ३० वेगळे. मात्र सभेत दर एकच ठेवायला लावा. जास्त वापराला चढता दर लावला तर ते घर भरडलं जाईल.

ऐरोलीचा_प्लंबर

काकांचा हिशेब बरोबर, पण सातव्या मजल्याचं ऐका. टाकी डोक्यावर दहा-बारा फूट, त्या दाबात १५ एमएमचं मीटर बसलं की शॉवर मंदावणारच. खालच्या मजल्यांना जाणवत नाही. वरच्या घरांना २० एमएमचं द्या म्हणून आधीच लिहून घ्या. मीटरवर आयएस ७७९ चा मार्क बघा, ते पाण्याच्या मीटरचं भारतीय मानक. आडवं बसवा, काटा वर. मीटरच्या आधी जाळी हवीच, टाकी धुतल्यावर वाळू येते आणि मीटर अडकतं. पुढेमागे व्हॉल्व्ह, नाहीतर दुरुस्तीला अख्ख्या लाइनचं पाणी बंद करायचं.

बसवल्या दिवशी पाच मापी बादल्या भरा आणि लिटरचे लाल आकडे ताडून बघा. फरक मोठा असेल तर पैसे देऊ नका. टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते आणि पाणी परत आलं की मीटर हवेवरही फिरतं. तुमच्याकडे टाकी वरचेवर कोरडी पडत असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

नेरूळची_अनघा

आमच्याकडे नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी, पालिकेचा दर कमी. तीन वर्षं झाली मीटर बसवून, पैशात म्हणाल तर अजून वसूल नाही. पण पहिल्याच महिन्यात आमचं रीडिंग शेजारच्यांच्या दुप्पट आलं. मी भांडायला निघाले होते. प्लंबरने सगळे नळ बंद करून मीटर दाखवलं, बारीक चाक फिरतच होतं. फ्लशची टाकी गळत होती, आवाज न करता. सातवा_मजला, तुम्ही बादलीने मोजलंत, पण गळणारं पाणी बादलीत येत नाही. रात्री फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि सकाळपर्यंत कुणी वापरू नका. भांड्यात निळं दिसलं तर तुमचे ९ युनिट ९ नाहीत.

सातवा_मजला

काल रात्री नीळ टाकली. सकाळी सासूबाईंनीच हाक मारून दाखवलं, भांडं फिकट निळं झालेलं. किती महिने हे चाललं असेल, काही पत्ता नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. दुपारी प्लंबर येऊन वॉशर बदलून गेला. आज पुन्हा नीळ टाकून बघणार आहे.

संमतीपत्रावर सही केली. खाली तीन ओळी लिहिल्यात: सातव्या मजल्याला २० एमएम, स्थिर खर्च समान, दर सगळ्यांना एकच. कलम ६७ चं वेगळं पत्र दिलंय. चौथ्या मजल्यावर जाऊन ७५७ चा हिशेब दाखवला. सूनबाई म्हणाल्या, शंभरेक रुपयांचं काही नाही, फ्लशला आम्हीही नीळ टाकून बघतो. उरलेली पुडी त्यांनाच देऊन आले.